पाय न टेकतां

आमच्या शाळेच्या वार्षिक खेळांत एक शर्यत अशी असे कीं, तींत सर्वांच्या मागून येणारा पहिला ठरे. तिला आम्ही 'सावकाश सायकल' म्हणत असूं. पटांगणावर चुन्याच्या रेघा आखीत. सात-आठ मुलें आपापल्या सायकली घेऊन उभीं राहत आणि शिट्टी झाली कीं जो तो शक्य तितका हळू निघे. पाय जमिनीस लागला कीं बाद. रेघ ओलांडली कीं बाद. धांवण्याच्या शर्यतींत ओरडून घसा बसवून घेणारीं मुलें या शर्यतीच्या वेळीं मात्र अगदीं गप्प उभीं असत. आठवींत असतांना आम्हीं या शर्यतींत भाग घेतला आणि पांच हात जाण्याच्या आंतच पाय टेकून बाहेर पडलों. हा खेळ भेकडांचा आहे, वेगानें जाणें हाच खरा पुरुषार्थ, अशी आम्हीं तेव्हां आपल्या मनाची समजूत घातली. ती समजूत पुसण्यास पुढें वीस वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तिची किंमत आमच्या घरांतील एका निरपराध माणसास द्यावी लागली. ती हकीकत आणि तिच्यामागून शिकलेल्या कांहीं उपयोगी गोष्टी विद्यार्थी मित्रांस व त्यांच्या पालकांस सांगाव्या, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

१९९४ सालच्या मे महिन्यांत आम्ही एकोणीस वर्षांचे होतों. वडिलांची एक जुनी मोटारसायकल होती. दर रविवारीं सकाळीं ती अंगणांत उभी करून, शेजारीं फडकें अंथरून, त्यावर पाने ओळीनें मांडून ते ती तपाशीत. आम्हांस हौस होती ती चालविण्याची. तपासणें हें म्हाताऱ्यांचें काम असें आम्हांस वाटे. त्या आठवड्यांत वडील परगांवीं गेले. जातांना म्हणाले, "साखळी सैल झाली आहे. ताणून घे आणि मगच गाडी बाहेर काढ." आम्हीं 'हो' म्हटलें. पुढें विसरलों असें म्हणण्याची सोय नाहीं. आठवत असूनहि आम्हीं तें काम केलें नाहीं. धाकट्या बहिणीस मागें बसवून आम्ही चिपळूणहून कुंभार्ली घाटानें वर गेलों. चढ निभावला. परत येतांना उताराच्या एका वळणावर खालून खडखड आवाज झाला, साखळी दांत्यांवरून उतरून आडवी अडकली आणि मागलें चाक बांधून टाकल्याप्रमाणें जागच्या जागीं थांबलें. आम्हांस खरचटण्यापलीकडे कांहीं झालें नाहीं. सोळा वर्षांच्या बहिणीचें उजवें मनगट मोडलें. तें यथाकाल जुळलें, पण पुरतें कधींच वळलें नाहीं. आजहि पानावर आमटी वाढतांना ती हात खांद्यापासून फिरविते.

वडील परत आले तेव्हां ते रागें भरतील म्हणून आम्ही ओसरीच्या कोपऱ्यांत उभे होतों. त्यांनीं गाडी पाहिली, साखळी हातांत घेऊन दोनदां उलटसुलट केली आणि म्हणाले, "पाव तासाचें काम होतें रे." याहून अधिक ते कधींहि बोलले नाहींत. छडीचे मार आम्ही कधींच विसरून गेलों. हें वाक्य मात्र अजून तसेंच कानांत आहे. त्या दिवसापासून आम्हीं मोटारसायकलीस हात लावला नाहीं.

२००६ सालीं नोकरीच्या निमित्तानें आम्ही इंग्लंडांतील लीड्स शहरीं गेलों. २०१५ सालच्या मार्च महिन्यांत एका रविवारीं यॉर्कशरच्या डोंगराळ भागांत पायीं फिरत असतां एका ओढ्याच्या कांठीं दहा-वीस माणसें चिडीचूप उभीं दिसलीं. पात्रांत लहान लहान खुणा रोवल्या होत्या. उजव्या अंगास लाल, डाव्या अंगास निळ्या. त्यांच्या मधून एक मनुष्य मोटारसायकलीवर उभा राहून शेवाळलेल्या धोंड्यांवरून वर येत होता. त्याची गति आपल्या चालण्याहूनहि मंद होती. गाडीला आसन म्हणावें असें कांहीं नव्हतेंच. एका मोठ्या दगडाशीं गाडी क्षणभर थबकली, डोलली; तो मनुष्यहि डोलला; पाय मात्र पायट्यांवरून हालला नाहीं. तो वर पोंचतांच सगळ्यांनीं एकदम श्वास सोडला. त्या श्वासासरशीं आम्हांस शाळेचें पटांगण, चुन्याच्या रेघा आणि सावकाश सायकल हीं सारीं आठवलीं. एकवीस वर्षांनंतर प्रथमच आम्हीं एका मोटारसायकलीकडे न शहारतां पाहिलें.

या खेळास तिकडे 'ट्रायल' म्हणतात. ओढे, कडे, चिखल, झाडांचीं मुळें अशा ठिकाणीं खुणा लावून कांहीं अवघड टप्पे आंखलेले असतात. प्रत्येक टप्प्याशीं एक निरीक्षक उभा असतो. एकदां पाय टेकला तर एक दोष, दोनदां टेकला तर दोन, त्याहून कितीहि वेळां टेकला तरी तीन. गाडी पडली, मागें घसरली किंवा खुणांच्या बाहेर गेली तर पांच. पाय न टेकतां पार झाला त्यास शून्य. ज्या परीक्षेंत शून्य मिळविणारा पहिला येतो अशी परीक्षा आम्हांस शाळेंतच भेटली असती तर आमच्या प्रगतिपुस्तकाची शोभा पुष्कळच वाढली असती.

हा खेळ जुना आहे. आरंभीं मोटारसायकली वाटेंत बंद पडत, म्हणून कोणती गाडी खडतर वाटेनें टिकून जाते याची कसोटी पाहण्यासाठीं हे सामने निघाले, आणि 'कसोटी' या अर्थाचेंच नांव त्यांस राहिलें. स्कॉटलंडांतील सहा दिवसांच्या प्रसिद्ध ट्रायलचा उगम १९०९ सालचा आहे. यॉर्कशरमधील स्कॉट ट्रायल १९१४ सालीं सुरू झाली. तिला मोटारसायकली बनविणाऱ्या आल्फ्रेड अँगस स्कॉट यांचें नांव आहे. आपल्या रस्त्यांवर जी 'बुलेट' आपण नित्य पाहतों, तिचाहि या खेळाशीं जवळचा संबंध आहे. तिचा नवा नमुना १९४८ सालीं इंग्लंडांत अशाच एका ट्रायलमध्यें लोकांपुढें आला, आणि जॉनी ब्रिटन यांनीं १९५२ व १९५७ सालीं बुलेटवरूनच स्कॉटलंडची ट्रायल जिंकली. पुढें सॅमी मिलर यांनीं स्पेनमधील बुल्टाको कंपनीसाठीं एक हलकी गाडी घडविण्यास साह्य केलें आणि १९६५ सालीं तिच्यावर बसून, नव्हे उभे राहून, तीच ट्रायल जिंकली. तेव्हांपासून जड गाड्यांचें युग ओसरलें. १९७५ सालीं जगज्जेतेपद सुरू झालें. पहिला मान यॉर्कशरच्याच मार्टिन लॅम्पकिन यांनीं मिळविला. स्पेनमधील टोनी बोउ यांनीं तर २००७ पासून २०२४ पर्यंत एकहि वर्ष न चुकतां मैदानी जगज्जेतेपद आपल्याकडे राखलें.

आम्हीं एक जुनी, अडीचशें सी. सी. ची, दोन स्ट्रोकची गाडी घेतली. वजन अवघें सत्तर किलोंच्या आसपास. पहिल्या सामन्यांत दहा टप्पे चार वेळां, म्हणजे चाळीस टप्पे होते. नवशिक्यांसाठीं वाट सोपी ठेवलेली होती. जास्तींत जास्त दोनशें दोष होऊं शकत. आमचे एकशें त्रेचाळीस झाले. तरीहि प्रत्येक टप्प्याशीं पावसांत बसलेल्या निरीक्षकांपैकीं कोणीहि हंसलें नाहीं. उलट एका वृद्ध गृहस्थांनीं आमचें कार्ड टोंचून परत देतांना म्हटलें, "तुम्ही गाडीशीं झगडतां आहां. तिला जाऊं द्या. तुम्ही फक्त तोल सांभाळा." पुढील दोन वर्षांत जें कांहीं शिकलों तें सारें या एका वाक्याचें भाष्य होय. तें क्रमानें सांगतों.

पहिली गोष्ट उभें राहण्याची. दोन्ही पाय पायट्यांवर, गुडघे किंचित् वांकलेले, कंबरेंत थोडा पुढें कल, कोपरें बाहेर. शरीराचा भार सर्वस्वीं पायांवर असावा, हातांवर नव्हे. नवशिका भीतीनें हँडल आवळून धरतो. मग प्रत्येक दगडाचा धक्का हातांतून खांद्यास व खांद्यांतून ॲक्सिलरेटरला पोंचतो आणि गाडी नको त्या वेळीं उसळते. उभे राहून जातांना क्षणभर बोटें सैल सोडून पाहावीं. तोल जात नसेल तर उभें राहणें बरोबर आहे असें समजावें.

दुसरी गोष्ट दृष्टीची. गाडी डोळ्यांच्या मागोमाग जाते. ज्या दगडास भिऊन आपण त्याकडे टक लावतों त्याच दगडावर चाक जाऊन आदळतें. म्हणून टप्प्यांत शिरण्यापूर्वीं तो पायीं चालून पाहावा, चाक कोठून न्यावयाचें तें मनाशीं ठरवावें, आणि गाडीवर असतांना दृष्टि दोन-तीन हात पुढें, जावयाच्या जागेवर ठेवावी. चालून पाहण्याचा ज्याला कंटाळा येतो त्याचे दोष कार्डावर लवकरच दिसतात.

तिसरी गोष्ट वळणाची. वेगानें जाणारा स्वार गाडीबरोबर आंत झुकतो. मंद गतींत याच्या उलट करावें लागतें. गाडी वळणाच्या आंत झुकवावी, आपण स्वतः सरळ किंवा किंचित् बाहेर राहावें आणि बाहेरच्या पायट्यावर भार द्यावा. मग हँडल अगदीं शेवटपर्यंत वळवूनहि तोल राहतो.

चौथी गोष्ट क्लचची. एकच बोट क्लचवर व एकच बोट पुढल्या ब्रेकवर असावें. बाकीच्या बोटांनीं हँडल धरावें. इंजिन एकसारखें चालूं द्यावें आणि गाडीची गति क्लच थोडा सोडून, थोडा ओढून राखावी. जात्यावर पीठ दळणारी बाई मुठीनें दाणे जसे बेतानें सोडते, तसा क्लच सोडावा. एकदम सोडला कीं चाक गरकन् फिरतें, माती उडते, आणि गाडी तेथेंच राहते.

पांचवी गोष्ट चढाची. चढास लागणारा जोर चढाच्या पायथ्याशींच मिळवावा. मध्यावर आठवण झाली तर उपयोग नसतो, कारण तेथें जोर दिला कीं मागलें चाक नुसतें फिरतें. भार फार पुढें टाकला तर मागलें चाक पकड सोडतें, फार मागें राहिला तर पुढलें चाक उचलतें. दोहोंच्या मध्यें जागा शोधावी. माथा जवळ आला कीं ॲक्सिलरेटर मिटावा. चिखलांत एक गिअर वरचा घालून हळुवार हातानें जावें. उतारावर भार मागें घ्यावा, इंजिनाच्या ओढीनें गति आंवरावी आणि पुढला ब्रेक एका बोटानें, जपून वापरावा. मोठा दगड आडवा आला तर तो चाकास लागण्याच्या किंचित् आधीं गुडघे दाबून सोडावे व तेवढ्यापुरताच जोर द्यावा, म्हणजे पुढलें चाक हलकें होऊन वर चढतें. तें चढलें कीं जोर मिटून शरीर पुढें घ्यावें, मागलें चाक आपोआप मागून येतें.

सहावी गोष्ट शहाणपणाची. तोल खरोखरच चालला असेल तर वेळीं एक पाय टेकावा. गर्वानें न टेकणारा पांच दोष घेऊन पडतो. टेकणारा एक घेऊन पुढें जातो. आम्हांस हें शिकावयास सर्वांत अधिक वेळ लागला.

गाडीबरोबर मनुष्य पडावयाचाच. म्हणून शिरस्त्राण, बूट व हातमोजे यांवांचून तेथें कोणी गाडीवर चढत नाहीं. मनगटास एक दोरी बांधलेली असते. स्वार गाडीपासून दूर पडला कीं ती सुटते आणि इंजिन बंद होतें. टायरांतील हवा इतकी कमी ठेवतात कीं ऐकणारास नवल वाटेल: मागल्या चाकांत चार पौंड, पुढल्यांत पांच-सहा पौंड. त्यामुळें टायर दगडावर हाताच्या पंज्याप्रमाणें पसरतो. परंतु हें प्रमाण केवळ त्या खेळापुरतें आहे. रस्त्यावरील गाडींत इतकी हवा ठेवणें म्हणजे अपघातास आमंत्रण होय.

येथवर स्वारीची विद्या झाली. आतां आमच्या फजितीची गोष्ट सांगावयाची आहे, आणि या लेखाचें मर्म तींत आहे.

२०१७ सालच्या हिवाळ्यांत एका सामन्यांत आम्ही चांगले चाललों होतों. सहाव्या टप्प्यांत ओढा ओलांडावयाचा होता. एका निसरड्या दगडावरून पुढलें चाक घसरलें, गाडी आडवी पडली आणि हवा घेण्याच्या वाटेनें इंजिनांत पाणी गेलें. आम्हीं ती कांठावर ओढून आणली आणि घाईघाईनें किक मारण्यास पाय उचलला, इतक्यांत मागून शब्द आले, "थांबा! किक मारूं नका. पाणी दाबलें जात नाहीं. आंतला दांडा वांकेल." वळून पाहतों तों तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी, चिखलानें माखलेली, शिरस्त्राण हातांत घेऊन उभी. हे सामने खासगी जमिनीवर, रस्त्यापासून दूर होत असल्यामुळें तेथें मुलेंहि लहान गाड्यांवर भाग घेतात. तिनें विचारलें, "प्लगचा पाना कोठें आहे?"

पाना खाली मैदानांत, आमच्या मोटारींत राहिला होता. आदल्या रात्रीं तो पिशवींत घालावयाचा असें आम्हीं ठरविलें होतें. सकाळीं घालूं म्हणून निजलों, आणि सकाळीं, आज कशाला लागतो, असें म्हणून निघालों. त्या मुलीनें कांहीं न बोलतां आपल्या कमरेच्या पिशवींतून पाना काढला. आपली पाळी तिनें मागच्यांस दिली आणि आम्हांस एकेक कृति सांगूं लागली. प्रथम इंजिनाची कळ बंद केली. प्लग काढला. मग दोघांनीं मिळून गाडी मागल्या चाकावर उभी केली, तशी सायलेन्सरमधून पाण्याची धार लागली. नंतर ती उलटी करून, प्लगचें भोंक खालीं ठेवून, किक सावकाश हातानें फिरविली. नळींतलें उरलेंसुरलें पाणी बाहेर आलें. कार्ब्युरेटरच्या वाटींतलें पाणीमिश्रित पेट्रोल सोडून दिलें. हवेची गाळणी काढून पिळली. प्लग पुसून कोरडा करून बसविला. पांचव्या किकेस इंजिन खोकलें, सातव्या किकेस बोलूं लागलें. निघतांना ती म्हणाली, "घरीं गेल्यावर गिअरचें तेल पाहा. दुधासारखें पांढरें झालें असेल तर बदलून टाका." आम्हीं तिचे आभार मानले. ती म्हणाली, "मला माझ्या आजोबांनीं शिकविलें," आणि शिरस्त्राण चढवून ओढ्यांत शिरली.

आम्ही तेथेंच एका दगडावर बसलों. गाडी दुरुस्त झाल्याचा आनंद व्हावा, तो झाला नाहीं. कुंभार्लीचा घाट आणि तो ओढा यांच्यामध्यें तेवीस वर्षें व समुद्रापलीकडचें अंतर होतें. पण साखळी न ताणणारा मुलगा आणि पाना मागें ठेवणारा प्रौढ गृहस्थ हे एकच होते. आपण त्या अपघातापासून शिकलों अशी आमची समजूत होती. खरें पाहतां आम्हीं फक्त मोटारसायकल सोडली होती. आळस सोडला नव्हता.

त्या रात्रीं आम्हीं पेन्सिलीनें एक यादी लिहून मोटारखान्याच्या भिंतीस डकविली. ती अजून तेथें आहे. सामन्याहून परत आल्यावर, जेवणापूर्वीं, गाडी धुवावी. पाण्याची जोरदार धार मात्र चाकांच्या व हँडलाच्या बेअरिंगांवर मारूं नये, तेथील ग्रीस धुवून जातें. हवेची गाळणी धुवून, वाळवून, तिला तेल लावून बसवावी. मळकी गाळणी म्हणजे इंजिनाच्या घशांत वाळू. चाकाच्या आऱ्यांवर पान्यानें हलकेंच टिचकी मारीत जावें. जो आरा भरड वाजतो तो सैल आहे. पुढलें चाक उचलून हँडल हालवून पाहावें. खटखट असेल तर मानेचा नट पाहावा. ॲक्सिलरेटर पिळून सोडला असतां त्यानें आपण होऊन झटकन् मागें आलें पाहिजे. न आल्यास त्याची तार साफ केल्यावांचून गाडी सुरू करूं नये. क्लच व ब्रेक यांचे दांडे हँडलावर फार आवळूं नयेत. गाडी पडली असतां ते फिरले म्हणजे मोडत नाहींत. गाडी बरेच दिवस उभी असेल तर क्लचच्या चकत्या एकमेकींस चिकटतात. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वीं गिअर घालून, क्लच दाबून, गाडी पुढेंमागें ढकलावी व चकत्या मोकळ्या कराव्या.

आणि साखळी. ती फार ताठ असूं नये, फार सैल असूं नये. किती ढिलाई ठेवावी हें गाडीबरोबरच्या पुस्तकांत दिलेलें असतें. साखळी सर्व ठिकाणीं सारखी झिजत नाहीं, म्हणून चाक हातानें फिरवून ती जेथें सर्वांत ताठ होते तेथें मोजावी. ताणतांना दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखे फिरवावे, नाहींतर चाक तिरकें बसतें. दांते वांकडे अणकुचीदार झाले असतील तर नुसती साखळी बदलून भागत नाहीं. इंजिन चालूं ठेवून साखळी कधींहि पुसूं नये. फडक्याबरोबर बोटें आंत जातात. या सर्वांस आम्हांस पाव तास लागतो. आम्ही घड्याळ लावून पाहिलें आहे.

२०२४ सालीं आमच्या भाच्याचें पत्र आलें. तो तेव्हां नववींत होता. "मामा, अठरा वर्षें पुरीं झालीं कीं मला मोटारसायकल पाहिजे. आई अगोदरच नाहीं म्हणते. तुम्ही तिला सांगा." तिला सांगण्याचा अधिकार सर्व जगांत ज्या एका मनुष्यास नव्हता त्यालाच मुलानें गांठलें होतें. आम्हीं त्यास तूर्त कांहींच लिहिलें नाहीं. त्या वर्षीं दिवाळीस आम्ही घरीं आलों तेव्हां त्याची सायकल अंगणांत उभी होती. साखळी गंजलेली, मागला ब्रेक नांवापुरता, एक पायडल डुगडुगणारें. आम्हीं म्हटलें, "अठरा वर्षें पुरीं झाल्यावांचून गिअरच्या मोटारसायकलीचा परवाना आपल्याकडे मिळत नाहीं. तोंवर तुला बराच अवकाश आहे. त्या अवकाशांत एवढी सायकल राखून दाखव."

माळ्यावरून वडिलांचे पाने काढले. वडील जाऊन बरींच वर्षें झालीं होतीं. फडकें मात्र अजून पान्यांभोवतीं गुंडाळलेलें होतें. आठ दिवस सकाळीं मामा-भाचे अंगणांत बसले. ब्रेकच्या तारा बदलल्या, रबरें बदललीं, आरे वाजवून पाहिले, साखळी रॉकेलनें धुवून तेल दिलें. संध्याकाळीं शाळेच्या पटांगणावर खडूनें दोन रेघा आखून सावकाश सायकल खेळलों. पायडलांवर उभें राहणें, नजर पुढें ठेवणें, मंद वळणांत सायकल झुकवून आपण सरळ राहणें, हें सारें सायकलीवरहि तसेंच साधतें. त्यास पेट्रोल लागत नाहीं व परवानाहि लागत नाहीं. विद्यार्थी मित्रांनीं रहदारीपासून दूर, मोकळ्या पटांगणावर, हें अवश्य करून पाहावें. पंचवीस हात अंतर जावयास जो एक मिनिट घेईल आणि पाय टेकणार नाहीं, त्यास पुढें कोणतेंहि वाहन चालवितांना या विद्येचा उपयोग होईल, असा आमचा विश्वास आहे.

पालकांस आमची एकच विनंती आहे. मुलगा वाहन मागूं लागला कीं आपण 'हो' म्हणतों किंवा 'नाहीं' म्हणतों. या दोहोंच्या आधीं त्याच्या हातांत पाना द्यावा. जो रविवारचा पाव तास देऊं शकत नाहीं त्यास किल्ली देण्याची घाई करूं नये. जो देतो त्याच्याविषयीं भीति थोडी कमी करावयास हरकत नाहीं.

आमचा जाण्याचा दिवस उजाडला. बहीण आठ दिवस आमच्या त्या उद्योगाकडे दारांतून पाहत होती, पण त्याविषयीं चकार शब्द बोलली नव्हती. घाटाविषयीं तर आम्हां दोघांत तीस वर्षांत बोलणें झालें नव्हतें. तिला बाजूस घेऊन आम्हीं म्हटलें, "त्या दिवशीं बाबांनीं सांगितलें होतें. मला आठवत होतें." ती थोडा वेळ उगी राहिली. मग म्हणाली, "मला ठाऊक आहे, दादा. तूं 'हो' म्हणालास तेव्हां मी तेथेंच होतें."

इतक्यांत भाचा दुकानास जाण्यासाठीं सायकल काढून फाटकाशीं पोंचला. बहिणीनें ओट्यावरूनच त्यास हांक मारली, "अरे, साखळी पाहिलीस कां?"

तो उतरला, सायकल स्टँडवर घेतली, पायडल उलटें फिरविलें, साखळीस बोट लावून पाहिलें, आणि मग फाटकाबाहेर पडला.